पत्र्यावरचा पांढरा रंग: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरून

गोवंडीत आमचं पत्र्याचं घर, आणि माझी शिलाई मशीन पोटमाळ्यावर. पत्रा डोक्यापासून दीड हातावर. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन ते चार मशीनवर बसवत नसे, म्हणजे लग्नसराईचेच दोन तास बुडायचे. गेल्या मार्चअखेर छताला ऊन परतवणारा पांढरा रंग लावून घेतला. दुकानात याला ‘कूल रूफ’ म्हणतात.

कळलं ते अहमदाबादच्या मावसबहिणीकडून. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत त्या शहरात एरवीपेक्षा १,३४४ माणसं जास्त दगावली. मग २०१३ साली तिथे उष्णता कृती आराखडा झाला आणि पुढे वस्त्यांमधली छतंही पांढरी करायला घेतली. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ चा आहे. त्यातही पुराच्या जोडीला उष्णता हा धोका धरला आहे. मी वाट न बघता घरचेच पैसे घातले.

छत दहा बाय पंधरा. दुकानदाराने दीडशे फुटांचा हिशेब करून पाच लिटर दिला, पण नाळीच्या पत्र्याला वळणं असतात, रंग जास्त लागतो. दोन हातांना दहा लिटर गेला. आधी तारेच्या ब्रशने गंज काढला, त्यावर रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा लाल रंग. रंग सकाळी नऊच्या आत लावा. तापलेल्या पत्र्यावर तो लगेच सुकतो आणि नीट धरत नाही. मजुरीसकट सगळे मिळून ४,२०० रुपये झाले.

मशीनशेजारी तापमापक टांगला होता. रंगाआधी दुपारी दोनला ३९ अंश, नंतर तशाच उन्हात ३५-३६. घाम थांबत नाही, मुंबईची दमट हवा तीच आहे. पण पत्र्यातून डोक्यावर उतरणारी झळ गेली, आणि मी दुपारी ब्लाउज शिवते. सासूबाई आता दुपारी शेजारच्या ओट्यावर जाऊन बसत नाहीत, वरच आडव्या होतात. रात्री मात्र जेमतेम एका अंशाचा फरक. गल्ली चार फुटांची आहे आणि बाकीची सगळी छतं दिवसभर तापलेली असतात. एका घराने रंगवून रात्र थंड होणार नाही, अख्खी ओळ रंगवायला हवी, असं माझं ठाम मत झालं आहे.

डब्यावर पाच वर्षं लिहिलंय, त्यावर जाऊ नका. पावसाळ्यात गळतीसाठी वर ताडपत्री टाकली, तिच्या दोऱ्यांनी आणि दगडांनी तीन ठिकाणी रंग खरवडला. दिवाळीपर्यंत वर धुळीचा काळा थर होता. धुतल्यावर पुन्हा पांढरं दिसलं. पाऊस गेल्या गेल्या ताडपत्री काढा, नाहीतर ऑक्टोबरच्या उन्हात रंग असून नसल्यासारखा.

पाचपैकी चार. यंदा खरवडलेल्या जागी एक हात मारायचा आहे. शेजारच्या दोन घरांनीही विचारलंय. वीस लिटरची बादली तिघांत घेतली तर स्वस्त पडेल, म्हणून मी थांबले आहे.