आठ महिने पालक-नियंत्रण अ‍ॅप वापरल्यावर: कुलूप बरं आहे, पण चौकीदार मीच

अ‍ॅपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मैत्रिणीकडचं दुसऱ्या कंपनीचं हाताळून पाहिलं, तेही उन्नीस-बीस असंच निघालं. तेव्हा हा अनुभव या जातीच्या अ‍ॅपचा समजा. वर्षाचे सोळाशे रुपये भरून दोन फोनांवर टाकलं. मुलगी पंधराची, मुलगा अकराचा. घर इंदूरला टिळकनगरात, आम्ही दोघं नोकरीला, दुपारभर घरी आजी.

चांगलं आधी सांगते. रात्री दहाला फोन बंद होतो. पहिला आठवडा आदळआपट झाली, मग सवय पडली. माझ्या परवानगीशिवाय नवं अ‍ॅप उतरत नाही. पैसे वसूल म्हणायचे ते एवढ्यावरच.

बनवणाऱ्यांनी धरूनच चाललंय की एका मुलाचा एक फोन. आमच्याकडे आजीचा फोन नावालाच आजीचा. तिसऱ्या दिवशी चिरंजीव त्यावर. आजीचं म्हणणं, "अगं, पाचच मिनिटं मागतो!" ती पाच मिनिटं पलासियातल्या ऑफिसात बसून कशी मोजणार? वर्गाचा गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, म्हणून ते बंद करता येत नाही. फोनचं घड्याळ मागे करून वेळ वाढवून घ्यायची युक्ती त्याला मित्राने शिकवली, ती मला दीड महिन्याने कळली.

नको ते अडवायची सोय तर विनोदच आहे. मुलीचा विज्ञानातला प्रजननाचा धडा दोनदा अडला. आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या अस्सल माळवी शिव्या बिनदिक्कत आत.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र हसू विरलं. मुलाच्या गेममध्ये एका अनोळखी 'भिया'ने (इंदुरी बोलीत भाऊ) फुकट हत्यार देऊ केलं, घरातला मोबाइल नंबर मागितला आणि "त्यावर आकडा येईल तो सांग" म्हणाला. अ‍ॅपच्या साप्ताहिक अहवालात काय आलं? 'गेम: ४ तास १० मिनिटं.' बास. मला कळलं ते आजीमुळे. तो तिला विचारायला गेला होता, "आजी, ओटीपी म्हणजे काय गं?" आणि संध्याकाळी पोहे परतता परतता आजीने तोच प्रश्न मला विचारला. नुकसान झालं नाही. १९३० हा सायबर फसवणुकीचा आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा, असे दोन्ही नंबर आता फ्रिजवर चिकटवलेत.

गेमच्या कंपनीकडे तक्रार करायला गेले तर ते बटण पाच पडदे आत, इंग्रजीत. तिथेच दिसलं की मुलाच्या खात्यावर जन्मसाल १९८९. ते मुलाच्या बाबांनीच टाकलं होतं, दोन वर्षांपूर्वी, खरं साल फॉर्म घेत नव्हता म्हणून. म्हणजे कंपनीच्या लेखी आमचा पोरगा तिशी ओलांडलेला बाप्या, आणि अनोळखी माणसांशी त्याच्या गप्पा खुल्या. चूक आमची, मान्य. पण जे खातं रोज शाळा सुटल्यावर उघडतं आणि सुट्टीत दिवसभर चालतं, ते कुणाचं आहे हे कंपनीला खरंच कळत नसेल? जाहिरात दाखवताना बरोबर कळतं.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ च्या आतलं ते मूल. पालकांची पडताळलेली संमती हवी, मुलांवर नेम धरून जाहिराती नकोत, कसूर झाली तर २०० कोटींपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांना तयारीला दीड वर्ष दिलंय. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ च्या आतल्यांना समाजमाध्यमांवर खातं नाही असं ठरवलं. चुकलं तर दंड कंपनीला, आईबापांना किंवा पोरांना नाही. बंदी मला फारशी पटत नाही, पण दंडाची पावती कुणाच्या नावाने फाडायची हे त्यांनी बरोबर ठरवलं.

इंदूरकरांना हे वेगळं सांगायला नको. ओला-सुका कचरा वेगळा आपण करतो, पण गाडी रोज दारात येते म्हणून त्याला अर्थ आहे. गाडीच आली नसती तर चार डबे मांडून आपण काय केलं असतं? माझं सध्या तसंच चाललंय. मीटिंगमध्ये बसून 'परवानगी द्या', 'अजून १५ मिनिटं द्या' अशा विनंत्यांवर शिक्के मारणारी बाबू झालेय मी. आपोआप पुढचा व्हिडिओ लावणारे निवांत आहेत.

मुलीचं थोडक्यात सांगते, तिला आवडणार नाही. तिने काय शोधलं याची यादी मला येत होती. एकदा ती वाचली आणि मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला कळल्यावर चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी तिच्या फोनवरून अ‍ॅप काढलं.

मुलाच्या फोनवर ठेवलंय, रात्रीच्या कुलपापुरतं. नव्या खात्यावर खरं साल टाकलं, जुन्यातली सगळी हत्यारं गेली म्हणून तो दोन दिवस जेवताना बोलला नाही. आजीच्या फोनला पिन लावला. लक्षात राहावा म्हणून तिने तो देवघरातल्या कॅलेंडरवर, चतुर्थीच्या चौकटीत, लिहून ठेवलाय.