डिझ्नीचे पॉइंट भाड्याने घ्यायचेत: थेट मालक, ब्रोकर की सरळ डिझ्नी?

आईबाबा उन्हाळ्यात अमेरिकेत येणारेत, पोरांनी ऑरलँडोचा धोशा लावलाय, आणि डिझ्नीच्या किचनवाल्या रूमचे रेट बघून तुम्ही लॅपटॉप मिटून टाकलाय. मग मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी सांगतं की अहो डीव्हीसीचे पॉइंट रेंट करा ना, जवळजवळ अर्ध्यात होतं. बऱ्याचदा होतंही. पण ते कुणाकडून घेताय, पैसे कसे देताय आणि तुमच्या तारखा किती पक्क्या आहेत यावर सगळं गणित फिरतं, म्हणून तिन्ही रस्ते शेजारी शेजारी ठेवून बघू.

आधी दोन ओळीत, हे आहे काय. डीव्हीसी म्हणजे डिझ्नी व्हेकेशन क्लब, १९९१ पासून चाललेली टाइमशेअर. क्लब महिंद्रा माहीत असेल तर अंदाज येईल, फक्त इथे सगळा हिशोब पॉइंटमध्ये. मेंबरने एखाद्या रिसॉर्टमधला हिस्सा विकत घेतलेला असतो, दरवर्षी त्याला ठराविक पॉइंट मिळतात आणि दरवर्षी मेंटेनन्सही भरावा लागतो, जा किंवा न जा. ज्या वर्षी जमत नाही त्या वर्षी तो तुमच्या नावाने रूम बुक करून देतो आणि तुमच्याकडून पॉइंटमागे पैसे घेतो. म्हणजे पॉइंट तुमच्या खात्यात येत नाहीत, येते ती फक्त रूम.

पैशाचं काय ते आधी

एक उदाहरण धरू. अॅनिमल किंगडम पार्कजवळच्या किदानी व्हिलेज या डीव्हीसी रिसॉर्टमध्ये वन बेडरूम, समजा रात्रीचे ३० पॉइंट, पाच रात्री, म्हणजे १५० पॉइंट. थेट मालकाकडून १८ डॉलरने मिळाले तर २,७०० डॉलर. ब्रोकरकडून २३ ने धरले तर ३,४५०. डिझ्नीकडून तीच रूम रात्री ८०० ला धरली तर ४,००० आणि वर १२.५ टक्के टॅक्स, म्हणजे ४,५००. आकडे सीझनप्रमाणे आणि रिसॉर्टप्रमाणे बरेच हलतात, पण तिघांमधलं अंतर साधारण असंच राहतं.

आता गंमत बघा. डिझ्नी वर्षातून बऱ्याच वेळा रूमवर डिस्काउंट काढते. त्याच रूमवर २५ टक्के सूट मिळाली तर टॅक्स धरून ३,३७५ होतात, म्हणजे ब्रोकरपेक्षाही कमी, आणि वर कॅन्सल करायची मुभा. त्यामुळे "पॉइंट म्हणजे स्वस्तच" असं डोळे झाकून धरू नका, ज्या आठवड्यात ठरवताय त्या आठवड्याचा डिझ्नीचा रेट टॅक्ससकट काढा आणि मगच मालकाशी बोला. फरक दोन-तीनशे डॉलरचा असेल तर माझ्या मते खाजगी मालकाच्या वाटेला जायचंच नाही. हजार-दीड हजार वाचत असतील तर पुढचं वाचा.

रूमचं एवढंच की वन बेडरूममध्ये पूर्ण किचन असतं, वॉशर-ड्रायर रूममध्येच, आणि किदानीच्या वन बेडरूमला दोन बाथरूम आहेत, जे आजीआजोबा बरोबर असताना सोन्यासारखं. सव्हाना व्ह्यू असेल तर बाल्कनीतून जिराफ दिसतो आणि खाली सना नावाच्या रेस्टॉरंटमध्ये नान आणि चटण्या मिळतात, आईला फारसं पटणार नाही पण उपाशी राहणार नाही. स्टुडिओत मात्र मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज, शेगडी नाही, तिथे कुकर घेऊन जाऊन उपयोग नाही. रूमची साफसफाई रोज होत नाही हे पण आईबाबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर "हॉटेलात बेड कोणी आवरत नाही" यावरून दोन दिवस जातात.

पार्कमधल्या सोयी तिन्ही रस्त्यांना सारख्याच. सकाळी अर्धा तास लवकर एंट्री, लायटनिंग लेन (राइडची लांब रांग टाळायची, पैसे भरून घ्यायची वेगळी रांग) सात दिवस आधी बुक करायची सोय, हे भाड्याच्या पॉइंटवर राहणाऱ्यालाही मिळतं. मेंबरचे डिस्काउंट मात्र मेंबरचेच.

बुकिंग कोणाच्या हातात राहतं

खाजगी मालकाकडून घेतलेलं बुकिंग तुमच्या नावाने असलं तरी चेक-इन होईपर्यंत ते त्याच्या हातात असतं. बदल तोच करू शकतो, कॅन्सल तोच करू शकतो, तुम्ही डिझ्नीला फोन केलात तर ते गोड शब्दात सांगतात की मेंबरशी बोला. तो माणूस कितीही सज्जन असला तरी हे असंच आहे.

आणि सज्जन असला तरी तो पैसे परत देऊ शकेलच असं नाही, कारण पॉइंटला एक्सपायरी असते. मेंबरचं पॉइंटचं वर्ष, म्हणजे यूज इयर, ज्याच्या त्याच्या ठरलेल्या महिन्यात सुरू होतं, त्यातल्या पहिल्या आठ महिन्यांतच पॉइंट पुढच्या वर्षाला ढकलता येतात, आणि एकदा ढकललेले पॉइंट परत ढकलता येत नाहीत. चेक-इनला महिन्याच्या आत कॅन्सल झालं तर ते पॉइंट होल्डिंगमध्ये जातात, आणि मग फक्त येत्या ६० दिवसांतल्या बुकिंगला वापरता येतात, म्हणजे जवळजवळ वाया. म्हणून तो रिफंड नाही म्हणतो तेव्हा लगेच चोर समजू नका. पण सुरुवातीलाच विचारा की तुमचं यूज इयर कुठल्या महिन्याचं, हे पॉइंट मागच्या वर्षीचे ढकललेले आहेत का, कधी मरतात. खरा मेंबर याचं उत्तर झोपेतून उठवलं तरी देतो. तोतया इथेच अडखळतो.

२०२० च्या मार्चमध्ये डिझ्नी वर्ल्ड बंद झालं आणि पार्क थेट जुलैत उघडले, तेव्हा कितीतरी भाडेकरू याच फटीत सापडले. डिझ्नीचा व्यवहार मेंबरशी, त्यांनी बघायचं ते मेंबरचे पॉइंट. तुम्ही मेंबरला दिलेले डॉलर हा तुमचा आणि त्याचा मामला.

थेट मालकाकडे दोन प्रकार असतात

एक म्हणजे तुम्ही तारखा सांगता आणि तो बुक करतो. त्याच्या स्वतःच्या रिसॉर्टला ११ महिने आधी बुकिंग उघडतं, बाकी रिसॉर्टना ७ महिने आधी. त्यामुळे किदानी हवं असेल आणि दहा महिने हातात असतील तर ज्याचा हिस्साच तिथला आहे असा मेंबर शोधा, दुसऱ्या रिसॉर्टचा मेंबर "करून देतो" म्हणाला तरी तो सात महिन्यांपर्यंत काही करू शकत नाही आणि तोवर चांगल्या रूम गेलेल्या असतात.

दुसरा प्रकार म्हणजे तयार बुकिंग. कोणाचं तरी जाणं रद्द झालं, पॉइंट मरायला आलेत, तो स्वस्तात काढतो. तारखांना तुम्ही लवचिक असाल तर सगळ्यात जास्त बचत इथेच आहे. पण ज्याच्याकडे ख्रिसमसपासून स्प्रिंग ब्रेकपर्यंत सगळ्या गर्दीच्या तारखांची तयार बुकिंग विकायला आहेत त्याच्यापासून लांब राहा. डिझ्नीच्या करारात मेंबरला अधूनमधून भाड्याने द्यायला हरकत नाही, धंदा करायला आहे, आणि अलीकडे त्यांनी यावर बारीक लक्ष ठेवायला सुरुवात केलीये. त्याच्यावर गदा आली तर तुमची रूम मध्ये सापडणार.

मालक खरा आहे का

डीव्हीसीचा हिस्सा ही कागदोपत्री स्थावर मालमत्ता आहे, त्याचं डीड, म्हणजे मालकीचा कागद, काउंटीत रजिस्टर होतं आणि ते कोणालाही ऑनलाइन फुकट बघता येतं. डिझ्नी वर्ल्डच्या रिसॉर्टसाठी फ्लोरिडातल्या ऑरेंज काउंटीच्या कंप्ट्रोलरच्या (नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसच्या) रेकॉर्डमध्ये माणसाचं नाव टाकून शोधा. (कॅलिफोर्नियातही ऑरेंज काउंटी आहे आणि तिथेही डिझ्नीलँड आहे, भलत्या साइटवर शोधून "हा खोटा आहे" असं ठरवू नका.) नाव सापडलं म्हणजे लगेच जिंकलो असंही नाही, कारण रेकॉर्ड सगळ्यांना खुलं आहे तसं भामट्यालाही खुलं आहे, तो खऱ्या मेंबरचं नाव उचलू शकतो. म्हणून व्हिडिओ कॉलवर त्याला मेंबर साइट लॉगिन करून दाखवायला सांगा, स्क्रीनशॉट नको, स्क्रीनशॉट कोणीही बनवतो. हप्ते आणि मेंटेनन्स थकलेत का हेही विचारा, थकबाकीदार मेंबरचं बुकिंग डिझ्नी अडवू शकते.

बुकिंग झालं की कन्फर्मेशन नंबर घ्या आणि माय डिझ्नी एक्सपिरियन्स अॅपमध्ये स्वतः लिंक करा. रिसॉर्ट, रूमचा प्रकार, तारखा, सगळ्यांची नावं तिथे दिसली पाहिजेत, आणि मुख्य नाव तुमचं ठेवा, आईबाबांचं नको, काउंटरवर बोलायला आणि कार्ड द्यायला तुम्हीच असणार. उद्या त्याने बुकिंग कॅन्सल केलं तर ते अॅपमधून गायब होतं, म्हणून अधूनमधून उघडून बघायची सवय ठेवा.

आता आपल्या लोकांचं एक. मालक ओळखीतला निघतो, ऑफिसातला, मंडळातला, कोणाच्या तरी वहिनींचा भाऊ, आणि मग करार कसा मागायचा याची लाज वाटते. भीड भिकेची बहीण. दोन पानी करार ईमेलवर करा, त्यात तारखा, रूम, पॉइंट, रक्कम, त्याने कॅन्सल केलं तर किती दिवसांत किती परत, रिसॉर्ट बंद पडलं तर काय, एवढं लिहा. ओळख टिकवायची असेल तर उलट जास्तच नीट लिहा.

पैसे देताना

झेल (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची अमेरिकन सोय) म्हणजे हातात रोख दिल्यासारखं, गेले ते गेले. पेपालचं फ्रेंड्स अँड फॅमिली तसंच. समोरचा म्हणतो "फी वाचेल, असंच पाठवा", तिथे ठामपणे नाही म्हणा, पेपालच्याच गुड्स अँड सर्व्हिसेसने, म्हणजे खरेदीचं पेमेंट म्हणून, द्या आणि तीनेक टक्के फी लागली तर तुम्ही भरा, स्वस्तात पडते.

पण त्यातही एक गोम आहे जी बरेच जण विसरतात. पेपालवर तक्रार करायची मुदत पैसे दिल्यापासून १८० दिवस. तुम्ही दहा महिने आधी सगळे पैसे भरलेत आणि त्याने आठव्या महिन्यात बुकिंग काढून टाकलं, तर तुमची ढाल दोन महिन्यांपूर्वीच गळून पडलेली आहे. म्हणून हप्ते पाडा. बुकिंग अॅपमध्ये दिसल्यावर थोडे, बाकीचे चेक-इनच्या जवळ. सगळे मालक तयार होत नाहीत, कारण त्यांनाही भीती असते की शेवटी तुम्ही पलटलात तर पॉइंट मेले, आणि ती भीती रास्त आहे. अर्धे बुकिंगला आणि अर्धे दोन महिने आधी, हे दोघांना झेपतं. सगळे पैसे आजच आणि झेलनेच असा हट्ट असेल तर रेट कितीही चांगला असो, सोडून द्या.

ब्रोकर

पॉइंटमागे चार-पाच डॉलर जास्त, त्या बदल्यात करार तयार, पैसे क्रेडिट कार्डने, आणि मालकाला पूर्ण रक्कम एकदम मिळत नाही, काही भाग तुमचं चेक-इन झाल्यावर. म्हणजे मालकाला बुकिंग जपायचं कारण राहतं, जे थेट व्यवहारात तुम्हाला स्वतः उभं करावं लागतं. पहिल्यांदाच करताय आणि ओळखीत कोणी नाही, तर मी ब्रोकरकडेच जा म्हणेन. रिफंड मात्र इथेही सहसा नाहीच, कुठे कुठे जास्त पैसे भरून कॅन्सल करता येईल असा पर्याय देतात, तो कराराच्या छोट्या अक्षरात वाचूनच घ्या.

इन्शुरन्सचं लोक फार धरून बसतात. साधा ट्रॅव्हल इन्शुरन्स आजारपण, अपघात वगैरे बघतो, मालकाने फसवलं हे त्यात सहसा बसत नाही. कुठल्याही कारणाने कॅन्सल करता येईल असा प्रकार असतो, पण तो पहिले पैसे भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आत घ्यावा लागतो आणि परत मिळतात ते साधारण ५० ते ७५ टक्के.

सरळ डिझ्नी, आणि व्हिसाचा प्रश्न

डिझ्नीकडून नुसती रूम घेतली तर एका रात्रीचं डिपॉझिट, आणि आठवडाभर आधी कॅन्सल केलं तरी ते परत. तिकिटांसकट पॅकेज असेल तर ३० दिवस आधी.

आईबाबांचा व्हिसा अजून स्टँप व्हायचा असेल, मुंबईच्या कॉन्सुलेटची तारीखच मिळायची असेल, तर पॉइंटचा विचारसुद्धा करू नका, मालकाचे नाहीत आणि ब्रोकरचेही नाहीत. व्हिसा नाही मिळाला म्हणून कोणी पैसे परत देत नाही. डिझ्नीकडे रूम धरून ठेवा, पासपोर्ट हातात आला की त्याच तारखांना पॉइंटवर काय मिळतंय ते बघा, मिळालं तर ते अॅपमध्ये दिसल्यावरच डिझ्नीचं सोडा. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत निवड कमी राहते हे खरं, पण पॉइंट मरायला आलेले मालकही तेव्हाच रेट खाली आणतात.