पदवीप्रदान समारंभ: मांडवात जायचं की टपालाने मागवायचं?

महाराष्ट्रातली सार्वजनिक विद्यापीठं एकाच पावतीवर दोन गोष्टी देतात. एक सोहळा आणि एक कागद. सोहळा एका सकाळीत आटोपतो. कागद पुढची चाळीस वर्षं नोकरी, परदेशी प्रवेश, व्हिसा आणि पदवीधर मतदारसंघाची नोंदणी अशा सगळ्या ठिकाणी दाखवावा लागतो. तरीही बहुतेकांची सगळी चौकशी सोहळ्याची असते: झगा मिळणार का, आईबाबांना पास मिळणार का, राज्यपाल येणार का. अर्ज मात्र शेवटच्या तारखेला रात्री अकराला मोबाइलवर, एका बोटाने भरला जातो. म्हणून आधी अर्जाबद्दल.

परिपत्रक निघालं की विद्यापीठाच्या विद्यार्थी पोर्टलवर पदवी प्रमाणपत्राचा अर्ज खुला होतो. लागतं ते साधंच: पीआरएन म्हणजे विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक, शेवटच्या परीक्षेचा बैठक क्रमांक, उत्तीर्ण झाल्याचा महिना आणि वर्ष, अंतिम गुणपत्रिकेची स्कॅन प्रत, फोटो, आणि प्रमाणपत्र समारंभात घेणार, महाविद्यालयातून नेणार की टपालाने हवं तो पर्याय. नियमित शुल्काची मुदत संपली की विलंब शुल्क सुरू होतं, आणि परदेशी पत्त्याचा दर वेगळा असतो. पैसे खात्यातून गेले पण अर्ज ‘प्रलंबित’ दिसतोय, असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक टिपून ठेवा आणि एक-दोन दिवस थांबा, बहुतेक वेळा रक्कम जुळते. दोनदा भरलेले पैसे परत मिळवायला लेखा विभागाकडे अर्ज, रद्द केलेला धनादेश आणि बरीच सबुरी लागते.

खरी गोम आहे ती देवनागरीतल्या नावाची. प्रमाणपत्र इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापलं जातं, आणि अनेक पोर्टलं इंग्रजी नावावरून मराठी नाव आपोआप तयार करतात. यंत्राला ळ आणि ल, ण आणि न, ढ आणि ध यांतला फरक इंग्रजी अक्षरांवरून कळणं शक्यच नाही. मग काळे यांचे काले होतात, गोळे यांचे गोले, ढोले यांचे धोले आणि शेटे यांचे शेते. रकाना आधीच भरलेला दिसल्यामुळे तिकडे कुणी पाहत नाही. इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांत तेल घालून तपासणारा माणूस स्वतःचं मराठी आडनाव न वाचताच पुढे जातो. तो रकाना पुसा आणि नाव स्वतः टाइप करा. वडिलांचं आणि आईचं नावही तसंच. ‘सबमिट’ करण्याआधी जी कच्ची प्रत दिसते, ती घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. आपल्याला आपलं नाव बरोबरच दिसतं, दुसऱ्याला जे छापलंय ते दिसतं.

छपाईआधी ही चूक एका अर्जाने सुटते. छपाईनंतर मूळ प्रमाणपत्र परत करा, दहावीचं प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडा, शुल्क भरा आणि पुढच्या छपाईची वाट पाहा. लग्नानंतरच्या नावाबद्दल दरवर्षी वाद होतात. पदवी मिळते ती प्रवेशाच्या आणि परीक्षेच्या नोंदीतल्या नावानेच. नवीन नावासाठी राजपत्र जवळ असलं तरी जुन्या नोंदीवरचं नाव सहसा बदलत नाही. पुढे दोन्ही कागद सोबत दाखवावे लागतात, आणि ते चालतं.

अर्ज बिनचूक भरूनही प्रमाणपत्र अडकतं, त्याची कारणं ठरलेली आहेत. शेवटचं सत्र सुटलं पण मागच्या एखाद्या सत्रातला एटीकेटीचा, म्हणजे नापास होऊनही पुढे जाऊ दिलेला, विषय अजून राहिलाय. दुसऱ्या बोर्डातून किंवा विद्यापीठातून आलेल्या विद्यार्थ्याने मायग्रेशन (स्थलांतर) प्रमाणपत्र कधी जमाच केलं नाही, त्यामुळे पात्रता अजून तात्पुरती आहे आणि निकालापुढे ‘राखीव’ लिहिलंय. पुनर्मूल्यांकनात गुण बदलले, पण सुधारित गुणपत्रिका यायच्या आत जुन्याच गुणांवर अर्ज गेला. यातलं काहीही अर्ज भरताना पोर्टल सांगत नाही, ही या सेवेची सगळ्यात मोठी उणीव. पैसे घेताना यंत्रणा तत्पर, त्रुटी कळवताना मुखदुर्बळ. म्हणून अर्ज केल्यावर दर पंधरवड्याला ‘स्थिती’ पाहायची, आणि त्रुटी दिसली तर फोनच्या भानगडीत न पडता आधी महाविद्यालयाच्या कार्यालयात जायचं. पात्रतेची फाइल तिथूनच हलते.

आता वेळेचं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार परीक्षा संपल्यावर निकाल शक्यतो ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत लावायचा असतो, आणि शैक्षणिक वर्षात किमान एक दीक्षान्त समारंभ घ्यायचा असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००८ च्या विनियमांनुसार विद्यार्थी पात्र होणं अपेक्षित असतं त्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत पदवी द्यायची असते. कागदावर हे नीट बसतं. प्रत्यक्षात पुनर्मूल्यांकनाचे निकाल, छपाईची निविदा आणि कुलपती व प्रमुख पाहुण्यांच्या तारखा एका रांगेत याव्या लागतात, आणि उन्हाळ्यात सुटलेल्यांचं प्रमाणपत्र हिवाळ्यात किंवा त्याच्याही पुढे हातात पडतं. नोकरी किंवा प्रवेश तोंडावर असेल तर समारंभाची वाट पाहू नका. तात्पुरतं उत्तीर्ण प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. पीएच.डी.वाल्यांची पदवी अधिसूचनेच्या तारखेपासून धरली जाते, त्यामुळे अधिसूचनेची प्रत जपून ठेवा. नावाआधी ‘डॉ.’ लावायला मांडव लागत नाही.

सोहळ्याकडे येऊ. तो बघण्यासारखा असतो, हे मान्य करायलाच हवं. सगळ्यात पुढे ज्ञानदंड घेतलेला अधिकारी, बहुधा कुलसचिव किंवा परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक. मागे व्यवस्थापन परिषद आणि विद्यापरिषदेचे सदस्य, अधिष्ठाता, प्र-कुलगुरू, कुलगुरू, प्रमुख पाहुणे आणि शेवटी कुलपती, म्हणजे राज्यपाल. मानाचा माणूस सर्वांत शेवटी येतो, ही या मिरवणुकीची रीत. नवखे लोक पहिल्या झग्यालाच उभे राहून टाळ्या वाजवतात आणि कुलपती येईपर्यंत दमतात. कुलपती आले नाहीत तर अध्यक्षस्थान कुलगुरूंकडे जातं, त्याने पदवीत काही फरक पडत नाही.

पुढे राष्ट्रगीत, राज्यगीत, विद्यापीठ गीत, कुलगुरूंचा अहवाल. मग प्रत्येक अधिष्ठाता आपापल्या विद्याशाखेचे स्नातक अध्यक्षांपुढे सादर करतो. २०१६ च्या कायद्याने विद्याशाखा चारच ठेवल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान, आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. त्यामुळे हा भाग पूर्वीपेक्षा आटोपशीर झालाय. त्या त्या शाखेचे स्नातक जागेवर उभे राहतात, अध्यक्ष पदवी प्रदान झाल्याचं जाहीर करतात, सगळे खाली बसतात. पदवी मिळण्याचा औपचारिक क्षण तो एवढाच. काही ठिकाणी तैत्तिरीय उपनिषदातल्या शिक्षावल्लीतला ‘सत्यं वद, धर्मं चर’ हा उपदेशही वाचला जातो. गुरुगृहातून निघणाऱ्या शिष्याला केलेला तो उपदेश, त्यामुळे जागा अगदी चपखल. ध्वनिक्षेपक घुमत असेल तर मात्र त्यातलं अक्षरही कळत नाही.

मंचावर नाव पुकारून बोलावतात ते मुख्यतः सुवर्णपदकविजेत्यांना आणि पीएच.डी.धारकांना. ही पद्धत समजून घेतली नाही की हिरमोड होतो. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. तिथून १८६२ साली पहिले बी.ए. बाहेर पडले ते चार: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघांना मंचावर बोलावणं सोपं होतं. आज एकेका विद्यापीठातून वर्षाला हजारोंच्या संख्येने पदव्या निघतात. साहजिकच बहुतेक विद्यापीठांनी वाटप महाविद्यालयांकडे सोपवलंय. मुख्य समारंभानंतर प्रमाणपत्रांचे गठ्ठे महाविद्यालयांत जातात आणि तिथे छोटा समारंभ होतो. आमचं मत विचाराल तर पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी तोच जास्त चांगला. नाव घेऊन बोलावतात, शिकवणारे प्राध्यापक समोर असतात, आईवडिलांना पाससाठी ताटकळावं लागत नाही. न नेलेली प्रमाणपत्रं ठरावीक मुदतीनंतर विद्यापीठात परत जातात, आणि मग तीच शोधायला परीक्षा विभागाची खिडकी गाठावी लागते. ही मुदत विचारून घ्या.

वास्तूचा मान ज्याचा त्याला द्यायला हवा. मुंबईच्या फोर्ट परिसरातलं सर कावसजी जहांगीर दीक्षान्त सभागृह १८७४ साली पूर्ण झालं. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि त्यांनी भारतात पाऊलही न ठेवता तो काढला. तिथल्या मोठ्या गोल खिडकीत रंगीत काचांमध्ये बारा राशी आहेत. भाषण लांबलं तर मान वळवून त्या मोजाव्यात, वेळ चांगला जातो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने दीक्षान्त समारंभाला ग्रंथमहोत्सव आणि ग्रंथदिंडी जोडली, ही आपल्या मातीतली भर. पदक दाखवून संपणाऱ्या समारंभापेक्षा पुस्तकं पालखीत घालून निघणारा समारंभ केव्हाही उजवा.

पोशाखाचा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही. काळा झगा आणि चौकोनी टोपी इंग्रजांसोबत आली. २०१० मध्ये भोपाळच्या एका दीक्षान्त समारंभात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी झगा मंचावरच काढून ठेवला, तेव्हा या विषयाला तोंड फुटलं. पुढे अनुदान आयोगाने हातमागाच्या कापडाचा आग्रह धरला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात २०१९ च्या जानेवारीत झगा जाऊन कुर्ता, उपरणं आणि पगडी आली, आणि पगडी पुणेरी हवी की महात्मा फुले घालत तशी यावरून समारंभातच घोषणाबाजी झाली. आता अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांना फक्त उपरणं मिळतं. मे महिन्याच्या मांडवात ते झग्यापेक्षा शंभरपट सुसह्य. एकच अडचण: ते घसरतं. गुळगुळीत साडीवर किंवा सिल्कच्या कुर्त्यावर तर पाच मिनिटंही टिकत नाही, आणि मंचावर एक हात फाइलला, एक हात उपरण्याला अशी तारांबळ उडते. दोन्ही खांद्यांवर आतल्या बाजूने एकेक सेफ्टी पिन लावा. झगा असेल तर हूडची, म्हणजे गळ्यातून पाठीवर सोडलेल्या रंगीत पट्ट्याची, पुढची लूप शर्टाच्या बटणात अडकवा, नाहीतर ते मागे सरकून गळ्याला काचतं. झगा घेताना अनामत भरावी लागते. ती त्याच दिवशी, पावती दाखवूनच परत मिळते.

राज्यपाल येणार असतील तर बंदोबस्त कडक. प्रवेशपत्र आणि ओळखपत्र दोन्ही लागतं. पिशवी, पाण्याची बाटली, कधी मोबाइलही बाहेर ठेवावा लागतो. पाहुणे यायच्या बरंच आधी दारं बंद होतात, आणि उशीर झालेला सुवर्णपदकविजेतासुद्धा बाहेर राहू शकतो. आदल्या दिवशी रंगीत तालीम असेल तर चुकवू नका, कारण खुर्चीचा क्रमांक आणि मंचावर चढायची बाजू तिथेच कळते. तुमचं नाव कसं उच्चारायचं तेही तिथेच निवेदकाला सांगा. मंचावर हातात येणारी फाइल बऱ्याचदा रिकामी असते. कारण रांगेतला एक माणूस गैरहजर राहिला तरी पुढच्या सगळ्यांना दुसऱ्याचंच प्रमाणपत्र मिळेल. खरं प्रमाणपत्र नंतर काउंटरवर. पालकांना पास मिळाले तरी ते अनेकदा शेजारच्या मांडवात पडद्यासमोर बसतात, हे त्यांना घरूनच सांगून ठेवा.

टपालाचा पर्याय निवडणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे वसतिगृहाचा किंवा भाड्याच्या खोलीचा पत्ता. अर्ज आणि पाकीट यांत काही महिने जातात, तोवर खोली सुटलेली असते आणि पाकीट परत विद्यापीठात. गावाकडचा, घरी कायम कुणीतरी असेल असा पत्ता द्या. दरम्यान डिजिलॉकरमध्ये प्रत येते का ते पाहा. नोंदीशी एबीसी (श्रेयांक बँक) किंवा अपार (विद्यार्थी ओळख) क्रमांक जोडलेला असेल आणि आधारवरचं नाव जुळत असेल तर ती सहज मिळते. देशातल्या नोकरीसाठी बहुतेक ठिकाणी ती चालते. परदेशी जाणाऱ्यांना मात्र सहसा मूळ कागदच लागतो: आधी राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन किंवा, हेग करारातल्या देशांसाठी, अपोस्टिल नावाचं प्रमाणीकरण.

मुख्य समारंभाला पीएच.डी. आणि पदकविजेत्यांनी जरूर जावं. बाकीच्यांनी महाविद्यालयाचा समारंभ निवडावा, आणि गावाबाहेर असतील त्यांनी टपाल. सोहळ्याला पाचपैकी चार, कागदाला चार, परीक्षा विभागाच्या खिडकीला दोन.

कुठूनही घ्या, वहीत सही करण्याआधी तिथेच उभं राहून प्रमाणपत्र वाचा: दोन्ही भाषांतलं नाव, आईचं नाव, विषय, श्रेणी, महिना-वर्ष. फोटो आपलाच आहे ना, तेही. क्यूआर कोड असेल तर तो तिथेच मोबाइलवर उघडून पाहा. सही झाली की चूक तुमची होते. घरी आल्यावर दोन्ही बाजूंचं स्कॅन करून ठेवा, घडी घालू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. उष्णतेने होलोग्राम खराब होतो आणि साक्षांकनाचा शिक्का प्लास्टिकवर बसत नाही. काही प्रमाणपत्रं ए-फोरपेक्षा मोठी असतात, तेव्हा फोल्डर घेताना माप नेऊन घ्या.