पगारवाढ घ्यावी की वेळ?

२०१६ साली जर्मन रेल्वेच्या कर्मचाऱ्यांसाठी एक करार झाला. २.६ टक्के पगारवाढ, वर्षाला सहा दिवस जादा रजा किंवा आठवड्याला एक तास कमी काम, यांतलं एक ज्याचं त्याने निवडायचं. ५६ टक्के लोकांनी रजा निवडली. तास कमी करून घेणारे अवघे दोन टक्के निघाले. माझ्या मते तास न निवडणाऱ्यांचं बरोबरच होतं, कारण आठवड्यातला एक सुटा तास कधी गिळला जातो ते कळतही नाही.

अशी निवड तुमच्यापुढे असेल, तर आधी पैशांची बाजू. डोक्यावर कर्ज आहे किंवा अडीअडचणीला शिल्लक नाही, तर पगारवाढच घ्या. अशा माणसाला साधेपणाचे धडे देण्यात अर्थ नाही. निवृत्तिवेतन पगारावर ठरत असेल, तर तेही हिशोबात धरा.

गरजा भागल्यावर मात्र वाढलेला पैसा पाहता पाहता हप्त्यांत जातो. मोठं घर, मोठी गाडी, मग त्यांचा सांभाळ. नव्याची सवय होते, समाधान पुन्हा होतं तिथे येतं आणि कमी पगाराचं पण आवडीचं काम धरायची मोकळीक गेलेली असते. पर्यावरणाचं म्हणाल, तर एखाद्या घराची ऊर्जा किती खर्च होते हे तिथल्या माणसांच्या कळकळीपेक्षा त्यांच्या उत्पन्नावर जास्त ठरतं. १९३० मध्ये अर्थतज्ज्ञ केन्स यांनी भाकीत केलं होतं की शंभर वर्षांत आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. उत्पादकता भरपूर वाढली. आपण ती बहुतांशी वस्तूंच्या रूपात घेतली, वेळेच्या नाही.

वेळेची बाजूही वाटते तितकी निर्मळ नाही. सहा दिवस सलग मिळाले की पहिला विचार विमानाच्या तिकिटाचा येतो, आणि एका लांबच्या उड्डाणात वर्षभराची काटकसर धुऊन निघते. त्याउलट दर आठवड्याला एक ठरलेला दिवस मिळाला, तर त्याची घडी बसते. घरचा स्वयंपाक, दुरुस्ती, म्हाताऱ्यांची विचारपूस, एखादं सामाजिक काम. घाईत विकत घेतलेल्या सोयी मग आपोआप कमी होतात. त्यामुळे विचारणार असाल तर आठवड्याचा दिवसच मागा.

अडचण एकच, पण मोठी: दिवस कमी होतो, काम तेवढंच राहतं. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ६१ कंपन्यांनी पगार न कापता सहा महिने कमी तासांचा प्रयोग केला आणि त्यातल्या ५६ कंपन्यांनी तो पुढे चालू ठेवला. पण त्या स्वखुशीने उतरलेल्या कंपन्या होत्या, बैठका छाटण्यासारखे बदल करायला तयार होत्या. तुमच्या ठिकाणी तशी तयारी नसेल, तर कोणतं काम कमी होणार ते आधी लेखी ठरवून घ्या. नाहीतर कमी पगारात पूर्ण नोकरी कराल.

तिसरी वाट म्हणजे पगारवाढ घ्यायची, पण खर्च वाढू द्यायचा नाही. व्याज बाजूला ठेवलं तरी गणित बोलकं आहे. उत्पन्नाचा दहावा भाग वाचवणाऱ्याला एका वर्षाच्या खर्चाइतकी शिल्लक साठवायला नऊ वर्षं लागतात. निम्मा वाचवणाऱ्याला एकच. मात्र त्याला निग्रह लागतो, आणि मुलं लहान असतानाचा वेळ साठच्या वर्षी परत विकत मिळत नाही.

कर्ज नसेल, तर माझं मत वेळेकडे झुकतं. फक्त परतीचा रस्ता उघडा ठेवा. जर्मनीतल्या धातू उद्योगातल्या कामगारांनी २०१८ मध्ये नेमकं हेच मिळवलं: दोन वर्षांपर्यंत आठवडा २८ तासांवर आणायचा, आणि नंतर पूर्ण वेळेवर परतण्याचा हक्क.