लाल भोपळ्याच्या भाजीसाठी बटरनट स्क्वॉश: घ्याच, पण करायची पद्धत थोडी बदला

पितृपक्ष जवळ आला की इकडे अमेरिकेत ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, अगं लाल भोपळा कुठे मिळाला तुला, आणि माझं उत्तर ठरलेलं असतं की शोधत फिरू नकोस, सरळ बटरनट स्क्वॉश घे. मी न्यू जर्सीत राहते, इथे इंडियन स्टोअरमध्ये भोपळ्याच्या मोठ्या फाका प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या असतात, पण त्या कधी कापल्यात ते काही कळत नाही, एका दुकानातून आणलेली फाक घरी येऊन उघडली तर आतून बुळबुळीत. बटरनट म्हणजे लांब मानेचा, खाली गोल असा भोपळ्याचाच एक प्रकार, तो अख्खा मिळतो, कुठल्याही साध्या ग्रोसरी स्टोअरमध्ये मिळतो, आमच्याकडे पाउंडाला दीड-दोन डॉलर पडतात आणि न कापता गार कोरड्या जागी ठेवला तर दोन-तीन महिने आरामात राहतो. सूप आणि ओव्हनमध्ये रोस्ट करणाऱ्यांचे रिव्ह्यू ढिगाने आहेत, आपल्या फोडणीच्या भाजीसाठी तो कसा आहे हे कुणी लिहीत नाही, म्हणून हे.

आधी चवीचं सांगते. लाल भोपळ्यापेक्षा बटरनट घट्ट असतो, पाणी कमी, गोडी जास्त, आणि धागे जवळजवळ नाहीतच. रंग तर इतका सुंदर केशरी की हळद कमी घातली तरी चालते. दोघं खरं तर एकाच घरातले, आपल्या बाजारातला लाल भोपळा बहुतेक करून कुकुर्बिटा मोशाटा या जातीचा आणि बटरनटसुद्धा मोशाटाच, त्यामुळे चव जुळते यात नवल नाही. हा बटरनट मॅसॅच्युसेट्समधल्या स्टो गावी चार्ल्स लेगेट यांनी १९४० च्या दशकात तयार केला, आणि मुळात लाल भोपळासुद्धा मिरची-बटाट्यासारखा अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आलेला आहे, तेव्हा श्राद्धाच्या पानात हा चालेल का असं जे सासूबाई लोक विचारतात त्यांना मी हेच सांगते की अहो हा भोपळाच आहे, फक्त आकार वेगळा.

निवडताना मान लांब आणि जाड बघा, खालचा गोल भाग छोटा. मानेत बिया नसतात, सगळा भरीव गर, भाजीच्या सारख्या फोडी तिथेच पडतात. साल फिकट मातकट रंगाची, चकाकी नसलेली हवी, हिरव्या रेषा असतील तर अजून कोवळा आहे आणि गोडी बेताची. देठ शाबूत हवा, देठ तुटलेला असला की तिथूनच सडायला लागतो. हातात घेतला की आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे.

आता सोलणं, आणि यात मात्र मी अर्धा मार्क कापते. आपण लाल भोपळा सालासकटच करतो, सालामुळे फोड मोडत नाही, पण बटरनटची साल पातळ असली तरी फोडी शिजतात तेवढ्या वेळात मऊ होत नाही, दाताखाली येते, म्हणून सोलावीच लागते. सोलताना एक चिकट रस निघतो, तो हाताला सुकला की कातडी ताणल्यासारखी होते, काहींची तर सोलवटतेसुद्धा, म्हणून फणस कापताना लावतो तसं हाताला तेल लावून बसायचं, म्हणजे त्रास कमी होतो. अख्खा फार टणक वाटला तर सुरीने दोन-चार ठिकाणी टोचून मायक्रोवेव्हमध्ये दोन-तीन मिनिटं ठेवा, पीलर सरसर चालतो.

भाजी. दोन चमचे तेल, मोहरी तडतडली की हिंग, पाव चमचा मेथीदाणे, दोन सुक्या लाल मिरच्या, कढीपत्ता. मेथीदाणे टाळू नका, बटरनटची गोडी जास्त असल्यामुळे तो थोडासा कडवटपणा इथे लाल भोपळ्याच्या भाजीपेक्षाही जास्त गरजेचा आहे, आणि ते तांबूस झाले की लगेच फोडी टाकायच्या, काळे झाले तर भाजी कडू. फोडी नेहमीपेक्षा मोठ्या ठेवा, साधारण इंचभर, कारण साल नाही. मीठ, चिमूटभर हळद, एकदाच हलवायचं आणि वर ताटली ठेवून ताटलीत पाणी घालायचं, भाजीत एक थेंबसुद्धा नको. लाल भोपळ्याला स्वतःचं पाणी सुटतं, बटरनटला कमी सुटतं म्हणून लोक घाबरून अर्धी वाटी पाणी ओततात आणि मग लगदा होतो आणि स्क्वॉशला नावं ठेवतात. मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं, मध्ये एकदा कढईच हलवून फोडी उलट्या करायच्या, चमचा घालायचा नाही. फोड बोटाने दाबली जाते पण कडा शाबूत आहेत असं झालं की झाकण काढायचं आणि दोन मिनिटं आच वाढवायची म्हणजे खालच्या बाजूला खरपूस लागते, ती चव मला सगळ्यात आवडते, आणि ती आपल्या भोपळ्याला पाण्यामुळे इतकी छान येत नाही, इथे बटरनट सरळ जिंकतो.

गुळाचं प्रमाण निम्मं करा. खूप दिवस ठेवलेला असेल तर अजिबात नको, कारण साठवणीत त्यातल्या स्टार्चची साखर होत जाते, डिसेंबरमधला बटरनट सप्टेंबरातल्यापेक्षा गोड लागतो. उलट आंबट हवंच, आमसूल किंवा थोडासा चिंचेचा कोळ, तोही फोडी शिजल्यावर, आधी घातला तर फोडी दडदडीत राहतात. वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर, किंवा देशावरची पद्धत असेल तर गोडा मसाला आणि दाण्याचं कूट, दोन्ही चांगलं लागतं, पण दोन्ही एकदम नको. गरम पोळीबरोबर, आणि भाकरी असेल तर त्याहून छान.

ऋषीपंचमीच्या भाजीत पण घालते मी, तिथे तर फोडणीच नसते, सगळ्या भाज्या एकमेकींच्या वाफेवर शिजतात, तिथे याचा घट्टपणा उपयोगी पडतो, अळू आणि मक्याबरोबर शिजूनही फोड दिसते.

बाकीच्यांचं थोडक्यात. कोरियन किंवा जपानी दुकानात काबोचा मिळतो, गडद हिरव्या सालीचा, तो कोरडा आणि पिठूळ, साल मऊ होते त्यामुळे सालासकट करता येतो, खोबरं घालून केलेल्या भाजीला माझ्या मते बटरनटच्या तोडीस तोड, फक्त कापायला दगड. त्याला मात्र वाफेच्या आधी दोन चमचे पाणी शिंपडावं लागतं. एकॉर्न स्क्वॉशच्या सालीला खाचा, सोलणं अशक्य आणि चव मवाळ, भाजीसाठी नको. स्पगेटी स्क्वॉशच्या तर शेवयाच होतात, आपल्या कामाचा नाही. झुकिनी वेगळं प्रकरण, तिला भोपळा समजून करू नका, दोडक्यासारखी करा, मूगडाळ घालून किंवा बेसन पेरून, पीठ पेरलं की सुटलेलं पाणी तेच शोषून घेतं, आणि मीठ शेवटी.

सोलून कापलेल्या बटरनटच्या फोडी पिशवीत मिळतात, ऑफिसच्या दिवशी मी घेते, वेळ वाचतो हे खरंच, पण तारीख बघून घ्या आणि फोडींच्या कडा पांढरट कोरड्या दिसत असतील तर ठेवून द्या. फ्रोझन मात्र फोडणीच्या भाजीला घेऊ नका, डीफ्रॉस्ट होताना पाणी सुटून मऊ पडतात, सांबारात किंवा पराठ्याच्या पिठात चालतील. आणि एक महत्त्वाचं, कापल्यावर कच्च्याचा एक छोटा तुकडा जिभेला लावून बघा, कडूजहर लागला तर थुंकून टाका आणि अख्खा फेकून द्या, गूळ घालून सावरायला जाऊ नका, दुधी कडू निघतो तेव्हा जी द्रव्यं असतात तीच यातही असू शकतात आणि त्याने उलट्या-जुलाबाचा जोरदार त्रास होतो. दुकानातल्या बटरनटमध्ये असं फार क्वचित होतं, घरच्या बागेत आधीच्या पिकातून राखलेल्या बियांपासून लावलेल्यात शक्यता जास्त.

भाजीसाठी बटरनटला पाचपैकी साडेचार, काबोचाला चार. खालचा बियांचा गोल भाग उरतो तो किसून घारग्यांना घ्या, किस गुळाबरोबर शिजवून पूर्ण गार झाल्यावर त्यात मावेल तेवढीच कणीक, थोडं तांदळाचं पीठ आणि तेलाचं मोहन, वेगळं पाणी घालायचं नाही. तेवढाही वेळ नसेल तर डब्यातला पम्पकिन प्युरीसुद्धा चालतो, इथल्या डब्यांत बऱ्याचदा डिकिन्सन नावाचा भोपळा असतो आणि तोही मोशाटाच, फक्त डब्यावर नुसतं पम्पकिन लिहिलेलं बघून घ्या, पाय फिलिंग लिहिलेल्यात साखर आणि दालचिनी आधीच घातलेली असते.