ब्रदर्स इन आर्म्स: १९८५ची सिंगल एलपी घ्यावी की ४५ आरपीएमची डबल?

डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडचा हा अल्बम रेकॉर्डवर घ्यायचाय आणि जुनी घेऊ की नवी यात अडकला असाल, तर मीही त्यात बरेच महिने अडकलो होतो, म्हणून लिहितोय. आता माझ्याकडे दोन्ही आहेत. जुनी म्हणजे १९८५ची, एकच तबकडी, ३३ आरपीएम (मिनिटाला ३३ फेरे), सेकंडहँड घेतलेली. नवी म्हणजे २०२१ची, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत माइल्स शॉवेल या इंजिनिअरने हाफ-स्पीड पद्धतीने (ती काय ते पुढे येईल) कट केलेली, म्हणजे खाच कोरलेली, दोन तबकड्या, ४५ आरपीएम. गाणी कशी आहेत हे सांगत बसत नाही, ती तुम्हाला पाठ असणारच.

आधी एक मुद्दा बाजूला काढतो, कारण माझा स्वतःचा गोंधळ तिथेच झाला होता. जुनी म्हणजे ॲनालॉग, म्हणून जास्त उबदार, असं आपण सवयीने म्हणून जातो. या अल्बमला ते लागू होत नाही. माँटसेराट बेटावरच्या एअर स्टुडिओत याचं रेकॉर्डिंग झालं ते सोनीच्या २४ ट्रॅक डिजिटल मशीनवर, म्हणजे १९८५ची एलपीसुद्धा डिजिटलवरूनच आलेली आहे. साठ-सत्तरच्या दशकातल्या अल्बमची पहिली प्रत शोधण्यामागे एक ठोस कारण असतं, की कटिंग झालं तेव्हा टेप ताजी होती आणि नंतर वर्षानुवर्षं ती झिजत गेली. इथे ते कारण उरत नाही. मग राहतं काय, तर त्या आवाजाला तबकडीवर जागा किती मिळाली.

आणि जुन्या एलपीत जागाच कमी पडलीय. सीडीवर हा अल्बम साधारण ५५ मिनिटांचा आहे, १९८५च्या एलपीवर ४८ मिनिटांच्याही थोडा आत. ही जी सात मिनिटं गेली ती जवळजवळ सगळी पहिल्या साइडवरून गेली. 'सो फार अवे' सव्वापाच मिनिटांचं चारवर आलं, 'मनी फॉर नथिंग' साडेआठचं सातवर, 'युअर लेटेस्ट ट्रिक' साडेसहाचं पावणेपाचवर. आणि 'व्हाय वरी' साडेआठ मिनिटांचं साडेपाचवर. पूर्ण तीन मिनिटं. हे सगळं कापूनसुद्धा पहिली साइड पंचवीस मिनिटांच्या वर जाते, जे ३३ आरपीएमला बसतं पण आरामात बसतं असं म्हणता येणार नाही.

माझा निर्णय या 'व्हाय वरी'ने केला. मी हा अल्बम कितीतरी वर्षं सीडीवर ऐकत आलोय, आणि त्या गाण्यात शब्द संपल्यावर गिटार आणि कीबोर्ड जे एकमेकांना हळूहळू पुढे नेत राहतात, तो भाग माझ्यासाठी सगळ्या अल्बममधला सगळ्यात शांत भाग आहे, दिवसभराचं डोक्यातलं सगळं तिथे खाली बसतं. जुनी एलपी पहिल्यांदा लावली तेव्हा मला कापाकापीची कल्पनाच नव्हती. गाणं चालू आहे, शब्द संपले, मी खुर्चीत मागे रेललो, आणि आवाज खाली जायला लागला. मला वाटलं ॲम्प्लिफायरचं काहीतरी बिघडलं. उठून जवळ गेलो तर सुई आतल्या कोऱ्या पट्ट्यात फिरत होती. त्यानंतर ही एलपी मी भरपूर ऐकली, सवय होईल असं वाटलं होतं, पण झाली नाही. दर वेळी कान त्या भागाची वाट बघायला लागतो आणि गाणं निघून जातं. तुम्ही हा अल्बम पहिल्यांदाच एलपीवर ऐकला असेल आणि तुमच्यासाठी तेच मूळ रूप असेल तर कदाचित तुम्हाला हे खटकणारही नाही, उलट लांब गाणी जरा पसरट वाटतील. हे मी मान्य करतो.

त्यात अजून एक गोष्ट आहे जी माझ्या लक्षात जरा उशिरा आली. 'व्हाय वरी' पहिल्या साइडचं शेवटचं गाणं आहे आणि 'ब्रदर्स इन आर्म्स' दुसऱ्या साइडचं शेवटचं. म्हणजे अल्बममधली दोन सगळ्यात हळवी गाणी तबकडीच्या सगळ्यात आतल्या भागात येतात, जिथे सुईखालून खाच सगळ्यात सावकाश जाते. ३३ आरपीएमला बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सुईखालून जाते, आत लेबलजवळ जाईपर्यंत ती २० च्या आसपास येते. तेवढ्याच आवाजासाठी निम्म्याहून कमी जागा, त्यामुळे 'स', 'श' सारखे आवाज खरखरीत होतात आणि झांजा पसरतात. आदळणारं रॉक गाणं शेवटी असतं तर हे झाकलं गेलं असतं. इथे गायक-गिटारिस्ट मार्क नॉफ्लर जवळजवळ कानात बोलतोय आणि मागची साथ अगदी हलकी आहे, झाकायला फारसं काही नाही. माझ्या जुन्या प्रतीवर शीर्षकगीतात त्याचा आवाज कडेने फाटल्यासारखा वाटतो. आता यात आधीच्या मालकाच्या झिजलेल्या सुईचा वाटा किती आणि कटिंगचा किती हे मी छातीठोक सांगू शकत नाही, तुमच्या हाती चांगली जपलेली प्रत आली आणि टर्नटेबलची सुई बारीक टोकाची असेल तर चित्र बरंच वेगळं असू शकतं.

नवीन रेकॉर्डवर हीच दोन गाणी साइडच्या शेवटीच आहेत, क्रम तोच ठेवलाय, पण ४५ आरपीएमला आतल्या भागातसुद्धा वेग २८-३० सेंटिमीटरच्या आसपास राहतो, आणि शीर्षकगीताची साइड छोटी असल्यामुळे तिथे खाच फार आतपर्यंत न्यायची गरजच नसते. हाफ-स्पीडचं म्हणाल तर मास्टर (ज्यावरून तबकडी कोरतात ते अंतिम रेकॉर्डिंग) आणि कटिंगचं लेथ (खाच कोरणारं यंत्र) दोन्ही निम्म्या वेगाने चालवतात, म्हणजे १० किलोहर्ट्झचा आवाज कटरला ५ किलोहर्ट्झसारखा पडतो आणि त्याला तो नीट कोरायला वेळ मिळतो. ऐकताना मला हे कुठे कळलं तर शीर्षकगीताच्या सुरुवातीच्या गडगडाटात आणि त्यानंतर येणाऱ्या लेस पॉल गिटारच्या पहिल्या सुरांत. सूर संपतो कुठे आणि शांतता सुरू कुठे होते हे ऐकू येतं. जुन्या प्रतीवर तो सूर पृष्ठभागाच्या बारीक चरचरीत विरून जातो.

आता जुनीच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर अन्याय होईल. 'मनी फॉर नथिंग'च्या सुरुवातीला टेरी विल्यम्सचे ड्रम चढत जातात आणि मग ती गिटार येते, तिथे माझ्या जुन्या प्रतीचा दणका मला थोडा जास्त आवडतो. (बाकी अल्बमभर ड्रम बहुतेक ओमर हकीमचे आहेत.) नवीन जास्त स्वच्छ आहे, बास जास्त खोल आहे, पण तो एक घट्ट ठोसा जुन्यात आहे असं मला वाटतं, दोनतीन मित्रांना ऐकवल्यावर एकाला उलटं वाटलं, तेव्हा हे माझ्याच कानांचं असू शकेल. त्या काळच्या अमेरिकन प्रती मास्टरिंग इंजिनिअर बॉब लुडविगने मास्टरडिस्क स्टुडिओत कट केलेल्या असतात, लेबलशेजारच्या कोऱ्या पट्ट्यात त्याची आद्याक्षरं कोरलेली दिसतात, जुनीच घ्यायची असेल तर तशी बघा.

दुसरं म्हणजे जुनीची दुसरी साइड. 'राइड अक्रॉस द रिव्हर'पासून शीर्षकगीतापर्यंत चार गाणी, २२ मिनिटं, एकही काटछाट नाही, युद्धाचा विषय सलग अंगावर येतो. नव्यात तेच दोन साइडींत तुटतं, मधे उठा, पलटा, परत बसा, आणि शेवटची साइड तर सुरू झाली म्हणेपर्यंत संपते. शिवाय बेल्टचा टर्नटेबल असेल आणि वेगाचं बटण नसेल तर प्लॅटर (तबकडी ठेवायची फिरती थाळी) उचलून बेल्ट हाताने दुसऱ्या पुलीवर घालावा लागतो. माझा तसाच आहे. सुरुवातीला कंटाळा यायचा, आता ते बसण्याआधीचं एक काम म्हणून होऊन जातं.

ज्यांना हे बेल्टचं नको पण गाणी पूर्ण हवीत त्यांच्यासाठी ३३ आरपीएमची डबल एलपीही आहे, लुडविगच्याच नंतरच्या मास्टरवरून. ती मी मित्राकडे एक संध्याकाळ ऐकलीय, चांगली वाटली, 'व्हाय वरी' पूर्ण आहे आणि त्या एका गोष्टीसाठी मला तीही चालली असती. पण शेजारीशेजारी लावून ऐकलेली नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

प्रेसिंगबद्दल थोडक्यात. नवीन कोणतीही रेकॉर्ड, अगदी जाड १८० ग्रॅमची, पहिल्यांदा बाहेर काढल्यावर तिच्यावर बहुधा स्टॅटिक असतं, एकदा धुवून अँटिस्टॅटिक कव्हरात ठेवली की शांत होते. भोक बरोबर मधोमध आहे का हेही 'व्हाय वरी'च्या लांब सुरांवर लगेच कळतं, सूर डुलायला लागला तर बदलून मागा, लाजू नका. माझी नवी प्रत या बाबतीत ठीक निघाली. जुनीत अशी निवड नसते, जशी मिळेल तशी.

तर, तुमच्याकडे सीडी आहे आणि एलपी फक्त दुसऱ्या साइडसाठी, त्या सलग २२ मिनिटांसाठी हवी असेल, तर जुनी चांगली जपलेली मिळाली की घेऊन टाका, खरंच पस्तावणार नाही. माझी जुनी मी विकलेली नाही, रविवारी कधीतरी ती साइड लावतोच. पण रात्री उशिरा दिवे घालवून 'व्हाय वरी' ऐकायचं असलं की बेल्ट ४५वर जातो.