पाळीचं ॲप वर्षभर वापरल्यावर: तारखा बरोबर, सल्ला चुकीचा

परवा ऑटोपेमधून पुढच्या वर्षाचे १,४९९ रुपये कापले गेले. चार दिवस आधी मी सबस्क्रिप्शन बंद केलं होतं, तसा मेलही आलाय. कस्टमर केअरचं एकच उत्तर, 'तपासतो आहोत.'

तारखांचा अंदाज एक-दोन दिवसांच्या फरकानं बरोबर येतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती सकाळी येणाऱ्या नोटिफिकेशनची: 'आज एकाग्रता कमी राहील, महत्त्वाची कामं पुढे ढकला.' मी जीएसटीचं काम करते. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी, ही रिटर्न भरायचीच असतात. काय ढकलणार?

तरी पहिले तीन-चार महिने मला ते पटलं होतं. पाळीआधीच्या आठवड्यात आकडे चुकतात असं वाटायचं. एका क्लायंटच्या नोटिशीचं उत्तर तर मी ॲपचं ऐकून ज्युनियरकडे सोपवलं. याचा राग अजून जात नाही.

मग एकदा २बी, म्हणजे क्लायंटच्या खरेदीवरच्या कराचं पोर्टलवरचं विवरण, जुळवताना २,७०० चा फरक आला. नऊनं भाग जातो म्हणजे बहुधा आकडे उलटसुलट पडलेत. सापडलं, १८,५४० च्या जागी १५,८४०. एंट्री माझीच, पाळीच्या चक्रातल्या बाराव्या दिवसाची. ॲपच्या मते इस्ट्रोजेन हे संप्रेरक चढतं आणि डोकं सगळ्यात तल्लख चालतं तो दिवस!

त्या दिवशी नोटिफिकेशन बंद केलं आणि वहीत प्रत्येक चूक, तारीख, झोपेचे तास लिहायला लागले. पाच महिन्यांत चुका साचल्या त्या १०-११ आणि १९-२० तारखेला, म्हणजे रिटर्नच्या मुदतीला, पाळीचा दिवस कोणताही असो. अपवाद फक्त पहिल्या दिवसाचा. तेव्हा प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्या रसायनामुळे गर्भाशय आवळतं, कळा येतात आणि लक्ष तिकडेच जातं. त्यावर डॉक्टरांनी गोळी दिली, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.६, म्हणजे कमी. रक्तस्राव किती होतो, हे ॲपनं वर्षभरात एकदाही विचारलं नाही.

मेलबर्न विद्यापीठातल्या एका संशोधकानं सहकाऱ्यांसह २०२५ मध्ये १०२ अभ्यासांमधली ३,९४३ जणींची माहिती एकत्र तपासली. लक्ष, बुद्धिमत्ता, भाषिक क्षमता, कशातच पाळीच्या टप्प्यांनुसार ठोस फरक सापडला नाही. पाळीआधी माझी चिडचिड होते, झोप मोडते, हे खरंच आहे. पण त्यावरून कोणी माझं डोकं आज चालणार नाही असं सकाळीच सांगू नये, आणि तेही माझ्याकडून पैसे घेऊन.

नोटिशीची फाइल मी परत मागून घेतली. तारखा आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. १,४९९ अजून आलेले नाहीत.